जुन्या कपड्यांतून पिची-पॅची पोशाख: कापड निवडण्यापासून शेवटच्या ओळीपर्यंत

जमैकात नाताळच्या सुमारास जोंकुनू नावाची सोंगांची मिरवणूक निघते. त्यातलं पिची-पॅची हे सोंग पायापासून मानेपर्यंत रंगीत चिंध्यांच्या थरांनी मढलेलं असतं आणि एका जागी उभं राहत नाही. उड्या मारतं, गिरक्या घेतं, गर्दीला मागे सारून मिरवणुकीसाठी वाट मोकळी करतं. चिंध्या असतात त्या गिरकीसाठी. हे लक्षात न घेता आपल्याकडचे सरावाचे हात हा पोशाख शिवायला बसले, की हमखास गोधडी तयार होते. गोधडीत तुकडा चारी बाजूंनी बसवून टाके घालायचे असतात. इथे प्रत्येक तुकडा फक्त वरच्या कडेने धरायचा आणि बाकी सगळा सुटा सोडायचा. पुढची सगळी मापं आणि शिवण्याचा क्रम एवढ्यावरून ठरतो.

दुसरा घोटाळा नावामुळे होतो. बहामात २६ डिसेंबरला आणि १ जानेवारीला ‘जंकानू’ असतो. त्याच्या आजच्या पोशाखांत पुठ्ठ्याच्या सांगाड्यावर क्रेप पेपरच्या झालरी गोंदाने चिकटवतात. त्याचे व्हिडिओ पाहून जमैकाचा पोशाख करायला जाणारे कापडही गोंदाने चिकटवतात. गोंद वाळला की झालरीची वरची कड ताठ होते, चिंधी मुळातून हलत नाही आणि पहिल्या धुण्यात सुटून येते. इथे गोंदाचं काम नाही, सगळं सुईदोऱ्याचं आहे.

खालची मापं मध्यम बांध्याच्या प्रौढ माणसासाठी आहेत: लांब बाह्यांचा शर्ट, लेंगा आणि टोपी.

## सामान

पाया म्हणजे ज्यावर झालरी शिवायच्या तो कपडा. त्यासाठी छातीच्या मापापेक्षा १५ ते २० सेंमी सैल, जाडसर सुती शर्ट आणि नाडीचा सुती लेंगा. जुना चालेल, पण विरलेला नको. नवा शिवणार असाल तर मांजरपाट घ्या आणि कापण्याआधी दोनदा गरम पाण्यातून काढा, तो आटतो. झालरीसाठी ९ ते १० चौरस मीटर जुनं कापड, म्हणजे एक सुती साडी आणि तीन शर्ट, किंवा वेगवेगळे आठ-दहा कपडे. पॉलिएस्टरचा दोरा, मशीनसाठी १६ नंबरची सुई, धार केलेली मोठी कात्री, कापडावर खुणा करायचा खडू, स्टीलची पट्टी, टाचण्या, दोन सेंमी रुंदीची सुती टेप तीन मीटर आणि स्वयंपाकघरातला वजनकाटा.

वजनकाटा अनेकांना अनावश्यक वाटतो. पोशाख घालून दहा मिनिटांत धाप लागली की त्याची किंमत कळते.

## १. कपडे गोळा करा आणि नोंद लगेच करा

कपडा घरात आला की त्याला चिठ्ठी टाचा: कुणाचा, कधी वापरायचा, कुणी दिला, कापायची परवानगी आहे का. सगळे कपडे एकदा कापून ढिगात पडले की कुठली चिंधी कुठल्या कपड्याची हे सांगता येत नाही, आणि आठवणीवर विसंबून लिहिलेली माहितीपाटी बहुतेक वेळा चुकते. प्रत्येक कपड्याला एक आकडा द्या आणि एका वहीत त्या आकड्यापुढे तपशील लिहा. गेलेल्या माणसाचे कपडे असतील तर घरातल्या सगळ्यांना विचारा, फक्त देणाऱ्याला नको.

नुसता रंगीत पोशाख हवा असेल तर इथून पुढच्या टप्प्यावर जा. पण ओळख, रंगभेद, वर्गभेद यांबद्दल काही म्हणायचं असेल, तर ते कापडाच्या निवडीतच म्हणावं लागतं. कापड आणि धाग्यांतून काम करणाऱ्या अमेरिकन कलाकार सोन्या क्लार्क यांचे वडील त्रिनिदादचे, आई जमैकाची. २०१५ पासूनच्या ‘अनरॅव्हलिंग’ या कामात त्या प्रेक्षकांना शेजारी उभं करून अमेरिकेतल्या कॉन्फेडरेट राज्यांचा युद्धध्वज हाताने, धागा-धागा करून उसवतात. गुलामगिरी टिकवण्यासाठी लढलेल्या सैन्याचा तो ध्वज आहे हे ठाऊक नसेल, तर उरतं ते नुसतं कापड उसवणं. म्हणून कापडाची नोंद ही कामाचाच भाग आहे.

‘बोलणारी’ कापडं जास्तीत जास्त तीन ठेवा. शाळेचा गणवेश, इमारतीच्या रखवालदाराचा शर्ट, घरकामाला नेसायची साडी, असं काही. एकूण झालरीच्या पाचव्या हिश्शापेक्षा ती जास्त झाली की एकही ऐकू येत नाही.

चौकड्यांची जुनी सुती लुंगी मिळाली तर जरूर घ्या. जमैकाच्या पारंपरिक पेहरावातल्या ‘बंडाना’ चौकड्यांचं मूळ मद्रासहून जाणाऱ्या चौकड्यांच्या कापडात आहे, त्यामुळे ती या पोशाखात परकी नाही. जरीची जुनी साडी मात्र कापू नका. भावनेचा प्रश्न बाजूला ठेवला तरी जरीचा पदर ताठ असतो आणि जुनं रेशीम घडीवर चिरत जातं.

तपासा: वहीतल्या आकड्यांची आणि कपड्यांची संख्या जुळते का? जुळल्याशिवाय कात्री हातात घेऊ नका.

## २. तीन परीक्षा: ताकद, रंग, आग

ताकद. कापड उजेडासमोर धरा. काखेत, कोपरावर, बैठकीवर विरलेला भाग दिसला की खडूने खूण करून बाद करा. मग कडेची ३ सेंमी रुंद पट्टी कापून दोन्ही हातांनी झटका द्या. सहज तुटली तर ते कापड या कामाचं नाही, धाग्यांचा चिवटपणा गेलेला आहे. त्याची गोधडी करा, तिथे ते चालेल.

रंग. कापडाचा कोपरा पांढऱ्या सुती तुकड्यात गुंडाळून दहा मिनिटं कोमट पाण्यात ठेवा, पिळा आणि तसाच ओला इस्त्रीखाली दाबा. पांढऱ्यावर डाग आला तर ते कापड वेगळं धुवा आणि पाणी नितळ येईपर्यंत धुवत राहा. मीठ किंवा व्हिनेगर घातल्याने रंग पक्का होतो हा समज घरोघर आहे. बाजारातल्या रंगवलेल्या सुती कापडावर त्याचा भरवशाचा उपयोग होत नाही. जुनी मद्रासी चौकडी तर रंग सोडण्यासाठीच ओळखली जाते. ही परीक्षा टाळली की नाचताना आलेल्या घामाने पांढऱ्या चिंध्या गुलाबी होतात.

आग. चिमट्यात दोन सेंमीचा तुकडा धरून, मोरीत किंवा सिंकवर, पेटवून पहा. कागद जळाल्यासारखा वास आणि मऊ राख: सुती. वितळून काळा, कडक मणी झाला: पॉलिएस्टर किंवा नायलॉन. केस जळाल्यासारखा वास: लोकर किंवा रेशीम. मिश्र कापडात राख आणि मणी दोन्ही दिसतात.

सावधान: सुट्या चिंध्यांमध्ये हवा खेळते, त्यामुळे हा पोशाख साध्या कपड्यापेक्षा लवकर पेट घेतो. सिंथेटिक कापड तर वितळून अंगाला चिकटतं. पणत्या, शेगडी, फटाके, शेकोटी यांच्या जवळपास हा पोशाख घालून जायचं नाही. मुलांसाठी शिवत असाल तर सिंथेटिक अजिबात वापरू नका.

## ३. वजनाचा हिशेब

५० × २० सेंमीचा तुकडा काट्यावर ठेवा. ग्रॅममध्ये येणाऱ्या आकड्याला दहाने गुणलं की एका चौरस मीटरचं वजन मिळतं. पातळ मलमल साधारण ६० ते ८० ग्रॅम भरते, शर्टाचं कापड ११० ते १३०, जीन्स ३५० ते ४५०.

या पोशाखाला सुमारे ३२ मीटर झालर लागते: शर्टाच्या अंगाला १२, दोन्ही बाह्यांना मिळून ७, लेंग्याला १३. झालर २० सेंमी उंचीची धरली तर हे ६.४ चौरस मीटर कापड झालं. शर्टाच्या कापडाची सगळी झालर ८०० ग्रॅमच्या आसपास भरेल. तीच जीन्सची केली तर अडीच किलोच्या पुढे जाईल, पाया वेगळा. जीन्स, पडद्याचं जाड कापड, टॉवेल हे सगळं मिळून अर्ध्या चौरस मीटरच्या आत ठेवा. वजन हे एक कारण. जाड चिंधी गिरकीत उठत नाही आणि शेजारच्या हलक्या चिंध्यांनाही दाबून ठेवते, हे दुसरं.

उलट बाजूची चूकही होते. सगळं जॉर्जेट आणि शिफॉन घेतलं तर चिंध्या उडतात खऱ्या, पण खाली आल्यावर एकमेकींना चिकटून बसतात आणि पाया उघडा पडतो. दोन हिस्से शर्टाच्या वजनाचं सुती आणि एक हिस्सा पातळ कापड, हे प्रमाण आम्हांला सगळ्यात भरवशाचं वाटतं.

टी-शर्टचं होजिअरी कापड उसवत नाही म्हणून मोहात पाडतं. त्याची पट्टी ओढली की गुंडाळून दोरीसारखी होते. थोडी घ्या, चवीपुरती.

## ४. पाया तयार करा

शर्टाची कॉलर उसवून काढा. पुढची बटणपट्टी दोन उभ्या टिपांनी मिटवून टाका, कारण उघडणाऱ्या बटणपट्टीवर झालरीची ओळ तुटते. घालण्यासाठी पाठीवर गळ्यापासून खाली २५ सेंमीची उभी चीर द्या, कडा दुमडून शिवा आणि वरच्या टोकांना नाडीचे दोन बंद लावा.

खांद्यावर आतून सुती टेप शिवा, गळ्यापासून बाहीच्या जोडापर्यंत. सगळं वजन शेवटी खांद्यावरच येतं. टेप नसेल तर खांद्याची शिवण ताणून गळा पसरत जातो.

आता, कपडा अजून बंद असतानाच, खडूने आडव्या रेघा आखा. शर्टाच्या खालच्या कडेपासून ५ सेंमीवर पहिली रेघ, मग दर ६ सेंमीला एक. अंगावर ११ रेघा येतील. बाहीवर मनगटाच्या कडेपासून याच हिशेबाने ९. लेंग्यावर घोट्याकडून वर १२, त्याच्या वरचा भाग शर्टाखाली झाकला जातो, तिथे झालर नको. लेंगा घोट्यापर्यंतच हवा. जमिनीला टेकणारा असेल तर आधी आखूड करा.

रेघा पूर्ण झाल्या की शर्टाची बाजूची आणि बाहीखालची सलग शिवण उसवा. लेंग्याची आतली शिवणही उसवा. कपडा सपाट पसरेल.

इथे दोन चुका नेहमी होतात. एक म्हणजे आधी उसवून मग रेघा आखणं. मग पुढच्या आणि मागच्या भागावरच्या रेघा बाजूला जुळत नाहीत आणि झालर पायरीसारखी दिसते. दुसरी म्हणजे उसवायचा कंटाळा. शिवलेल्या बाहीच्या नळीत मशीनचा फूट जातच नाही, मग अर्धं काम हाताने करावं लागतं आणि तिथले टाके पहिल्या नाचात सुटतात.

कुठे झालर लावायची नाही, ते खडूने आताच रंगवा: काखेखाली अंगावर १० सेंमी आणि बाहीवर १० सेंमी, लेंग्यात बैठकीच्या जोडापासून खाली आतल्या बाजूला २५ सेंमी. या जागा सतत घासतात. तिथली झालर कातडी सोलते आणि दोन दिवसांत तुटते.

तपासा: शर्ट-लेंगा टाचण्या लावून घाला आणि उकिडवे बसा, हात वर करा. कुठे ताणलं जात असेल तर पाया लहान आहे. ओळी शिवल्यावर कापड आणखी थोडं आखडतं, सैल होत नाही.

कुणी गोणपाटाचा पाया सुचवेल. त्रिनिदादच्या पियेरो ग्रेनेड या सोंगाचा झगा गोणपाटावर चिंध्या लावून करण्याची रीत आहे. पण ते मुख्यतः बोलणारं, शब्दांची अक्षरं फोडून भाषण ठोकणारं सोंग. उड्या मारणाऱ्याच्या घामट अंगावर तरट नको.

## ५. झालरीचे तुकडे कापा

सुट्या हजारभर चिंध्या कापून एकेक शिवायची गरज नाही. तुकडा कापायचा आणि त्यालाच खालून चिरा द्यायच्या.

१. तुकडा २० सेंमी उंच आणि १२ ते २४ सेंमी रुंद कापा. उभी बाजू कापडाच्या ताण्याच्या दिशेने ठेवा, म्हणजे साडीच्या किंवा थानाच्या लांबीकडे. आडव्या धाग्याने कापलेली चिंधी लवकर सैल पडते.

२. वरच्या कडेपासून २ सेंमीवर खडूची रेघ मारा. हा तुकड्याचा माथा. चिरा याच्या वर जाऊ द्यायच्या नाहीत.

३. खालच्या कडेवर दर ३ सेंमीला खूण करा आणि माथ्यापर्यंत चिरा द्या.

३ सेंमी रुंदी उगीच ठरवलेली नाही. सरळ कापलेल्या सुती चिंधीच्या दोन्ही कडांचे धागे सुटत राहतात. दोन सेंमीपेक्षा अरुंद चिंधी काही वापरांत दोरा होऊन जाते. विरळ विणीच्या कापडाला ४ ते ५ सेंमी ठेवा. ४५ अंशांत तिरपी कापलेली चिंधी फारच कमी उसवते आणि लहरतेही छान, पण कापड जास्त वाया जातं आणि चिंधी लोंबून लांब होते. बाह्यांच्या खालच्या ओळींसाठी थोड्या तिरप्या कापा, सगळ्या नकोत.

कापण्याऐवजी फाडायच्या असतील तर फाडा, कड मऊ येते. फक्त माथ्याच्या तीन सेंमी अलीकडे थांबा आणि उरलेलं कात्रीने कापा. फाडत माथ्यापर्यंत गेलात तर चीर थांबवता येत नाही, तुकड्याचे दोन होतात.

शर्ट, बाह्या आणि लेंगा, तिन्हींच्या सगळ्यांत खालच्या दोन ओळींसाठी आखूड तुकडे लागतात. पहिल्या ओळीची चिंधी ६ सेंमी, दुसरीची १२, माथा धरून ८ आणि १४ सेंमीचे तुकडे. तिसऱ्या ओळीपासून पूर्ण १८ सेंमीची चिंधी. असं केल्याने तिन्ही ओळींची टोकं कडेच्या एक सेंमी खाली एकत्र येतात आणि कडेलाही तीन थर मिळतात. सगळ्या ओळी एकाच लांबीच्या ठेवल्या तर लेंग्याच्या खालच्या चिंध्या पायाखाली येतात. त्यात अडकून पडणं हा या पोशाखातला सगळ्यात खरा धोका आहे.

तपासा: प्रत्येक कपड्याचे तुकडे त्याच्या आकड्याच्या पिशवीत आहेत का?

## ६. मांडणी: डोळ्यावर विसंबू नका

सगळे तुकडे गडद, मध्यम आणि फिके अशा तीन ढिगांत लावा. रंगाचं नाव विसरा. लाल आणि हिरवा डोळ्याला वेगळे वाटतात, पण दोन्ही मध्यम असतील तर लांबून एकच करडा पट्टा दिसतो. फोनवर कृष्णधवल फोटो काढला की लगेच कळतं.

जमिनीवर पाया पसरून तुकडे ओळीने मांडा. एकाच कपड्याचे दोन तुकडे आडवे शेजारी नकोत आणि लगोलगच्या दोन ओळींत एकाखाली एकही नकोत. ‘जसं हाताला येईल तसं’ लावलं की नेमकी जास्त असलेली साडी पोटावर गोळा होते.

बोलणारं कापड कुठे ठेवायचं? गिरकीत सगळ्यात जास्त उठतात त्या बाह्यांच्या खालच्या आणि शर्टाच्या कडेजवळच्या ओळी, कारण त्या मध्यापासून लांब फिरतात. छातीवरच्या ओळी फारशा हलत नाहीत. म्हणून बाह्यांच्या तिसऱ्या ते सहाव्या आणि शर्टाच्या तिसऱ्या ते पाचव्या ओळींत दुहेरी झालर करा: वर नेहमीचा १८ सेंमीचा रंगीत तुकडा, त्याच माथ्याखाली ११ सेंमीचा गणवेशाचा किंवा घरकामाच्या साडीचा. माणूस उभा असताना ते कापड दिसत नाही, गिरकी घेतली की दिसतं. ‘आम्हांला कोण दिसतं आणि कोण दिसत नाही’ असं पाठीवर रंगवून लिहिण्यापेक्षा हे हजार पटींनी बरं. दुहेरी ओळींनी वजन वाढतं, म्हणून छाती-पाठीवर ती करू नका.

मांडणीचा फोटो काढून ठेवा. पंख्याने सगळं उडालं तरी तो कामाला येतो.

## ७. ओळी शिवा, खालून वर

टीप ३ मिमी लांबीची. चिरा जिथे संपतात ती माथ्याची खालची रेघ पायावरच्या खडूच्या रेघेवर ठेवा, म्हणजे माथा रेघेच्या वर राहील. माथ्यावर दोन आडव्या टिपा मारा: एक वरच्या कडेपासून ७ मिमीवर, दुसरी १५ मिमीवर. एका टिपेवर चिंधी कडेने वळते आणि उलटी होऊन बसते. ओळीच्या दोन्ही टोकांना मागे-पुढे शिवून टीप पक्की करा.

तुकड्यांचे माथे एकमेकांवर १ सेंमी चढवा. वरच्या ओळीच्या चिरा खालच्या ओळीच्या चिरांवर येऊ देऊ नका, दीड सेंमी सरकवा, नाहीतर सरळ उभ्या फटी पडून त्यांतून पाया दिसतो.

सपाट पसरलेल्या कपड्याच्या दोन्ही बाजूंच्या कडांपासून २ सेंमी अलीकडे प्रत्येक ओळ थांबवा. ती जागा शिवण मिटवायला लागणार आहे.

क्रम: आधी बाह्या, मग लेंगा, शेवटी शर्टाचं अंग. बाह्या लहान असल्याने हात बसतो आणि चूक झाली तर थोडंच उसवावं लागतं. प्रत्येक भागात मात्र खालची ओळ आधी, तिच्यावरची नंतर. खालून वर गेलं की शिवलेली झालर खाली लोंबते, सुईच्या वाटेत येत नाही, आणि पुढच्या ओळीने मागच्या ओळीचा कच्चा माथा झाकला जातो. वरून सुरुवात केली तर प्रत्येक ओळीला आधीची झालर वर उचलून टाचावी लागते. एखादी चिंधी तरीही टिपेत सापडतेच.

सावधान: तीन ओळी झाल्या की थांबा. कपडा उलटा धरून झटका, मग सरळ धरून प्रत्येक चिंधी बोटाने ओढा. टिपेत सापडलेली चिंधी आता सोडवायला सोपी आहे. अकरा ओळींनंतर ती सापडतही नाही.

## ८. शिवणी मिटवा, गळा पूर्ण करा

दोन्ही बाजूंच्या रेघा जुळवून टाचा, झालर आत वळवून बाजूला धरा आणि १ सेंमी आत शिवण घाला. काख आणि बैठकीच्या जोडावर दुहेरी. बाजूच्या शिवणीवर दोन सेंमीची मोकळी पट्टी दिसेल. तिच्यावर तीन-तीन चिंध्यांचे छोटे तुकडे हाताने शिवा, काखेखालची आणि मांडीची रंगवलेली जागा सोडून.

सगळ्यात वरच्या ओळीचा माथा झाकायला पुढे ओळ नसते. तिरप्या पट्टीचा गोट गळ्याला लावा आणि तो माथा त्यात घ्या. सरळ पट्टी गळ्याच्या वळणावर चुण्या देते.

टोपीला जास्त खटाटोप नको. घट्ट बसणारी सुती टोपी घ्या, खालच्या कडेपासून वर ५ सेंमीच्या अंतराने तीन ओळी, चिंधी १० ते १२ सेंमी. कपाळावरच्या चिंध्या भुवयांच्या वर कापा. दोन्ही बाजूंचं दिसत नसेल तर नाचणारा गर्दीत आदळतो. हनुवटीखाली बंद हवाच.

## ९. घालून पाहा

पूर्ण पोशाख घालून मोकळ्या जागी गिरक्या घ्या आणि कुणाला तरी व्हिडिओ काढायला सांगा. आरशात पाहून हे कळत नाही. चिंध्या आडव्या उठतात का? पाया कुठे दिसतो? लेंग्याची टोकं पायाखाली येतात का? खांदा घसरतो का?

काय बिघडलं ते व्हिडिओतून असं ओळखा. चिंध्या उठत नसतील तर कापड जाड आहे किंवा चिरा माथ्यापर्यंत पोचलेल्या नाहीत. दुसरं कारण जास्त आढळतं आणि कात्रीने दहा मिनिटांत सुटतं. एका बाजूला पाया उघडा दिसत असेल तर ओळींमधलं अंतर तिथे ६ वरून ८-९ सेंमीपर्यंत गेलेलं असतं. उसवू नका, मध्ये एक जादा ओळ हाताने घाला. गळा मागे ओढला जात असेल तर खांद्याची टेप राहिली आहे किंवा पाठीवर जड कापड जास्त झालं आहे. सिंथेटिक चिंध्या एकमेकींना चिकटत असतील तर ओल्या हाताने त्यांवरून फिरवा. कोरड्या हवेत हे पुन्हा पुन्हा करावं लागतं.

आपल्या हवेत हा पोशाख तापतो. १५ ते २० मिनिटं नाच, मग टोपी काढून सावलीत पाणी, असं ठरवून ठेवा.

## १०. घालण्याआधी आणि दाखवण्याआधी

तोंडाला काळा रंग लावायचा नाही. फॅन्सी ड्रेसमध्ये अजूनही ‘आफ्रिकन’ म्हणून हे केलं जातं, आणि ज्या लोकांनी गुलामीत असताना हे सोंग उभं केलं त्यांचीच त्यात टिंगल होते. ‘जंगली’, ‘आदिवासी नाच’ अशी नावं देऊ नका. हा जमैकाच्या जोंकुनूतला पिची-पॅची आहे, पाटीवर तेच लिहा. पाटीत पुढे वहीतल्या आकड्यांवरून कापडांची यादी द्या. माणसांची नावं त्यांनी होकार दिला असेल तरच. तुम्ही वारली नक्षी किंवा खण जोडला असेल तर तो तुमचा भाग आहे हेही लिहा, सगळं जमैकाच्या नावावर खपवू नका.

भिंतीवर टांगायचं काम करायचं असेल तर मापं तीच, पाया ९० × १२० सेंमीचा मांजरपाट आणि वर दांडी सरकवायला ८ सेंमीची नळी. समोरून हवा मिळेल अशी जागा पाहा, दार किंवा पंखा. बंद काचेत लावलं तर मेहनत वाया. दुहेरी ओळी इथे उठत नाहीत, त्यामुळे आतलं कापड दाखवायचं असेल तर वरची चिंधी ११ सेंमीची आणि आतली १८ ची करा.

धुताना पोशाख उलटा करून, जाळीच्या पिशवीत, थंड पाण्यात हाताने. मशीनच्या घुसळणीत चिंध्यांच्या गाठी बसतात आणि त्या सोडवताना माथे फाटतात. पिळू नका, टॉवेलमध्ये दाबून पाणी काढा आणि आडव्या दोरीवर शर्टाची खालची कड वर करून वाळवा, म्हणजे चिंध्या मोकळ्या सुटतात. सावलीत पूर्ण वाळल्यावर सैल गुंडाळी करून जुन्या उशीच्या अभ्र्यात ठेवा. हँगरवर महिनोन्महिने टांगून ठेवलं की टेप लावलेला खांदाही ताणतो.